अमेरिकन टीव्हीवर खोटं पकडायचे पैसे देतं कोण?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे मला नीट कळलाय का ते तुलाही कळेल. तू एच-१बी या कामाच्या व्हिसावर न्यू जर्सीत. २०२५ च्या सप्टेंबरात वडिलांच्या श्राद्धासाठी पुण्याला गेलेलास, शनिवारी सकाळी ऑफिसची मेल आली की ट्रम्प यांनी एच-१बीच्या नव्या आदेशावर सही केलीय, असाल तिथून ताबडतोब परत या, रविवारपासून एक लाख डॉलर भरल्याशिवाय आत घेणार नाहीत. सर्वपित्री दुसऱ्या दिवशी, आई स्वयंपाकाची तयारी करत होती, आणि तू मिळेल त्या भावात तिकीट काढून निघालास. नेवार्कला उतरून फोन चालू केलास तर कळलं की तुला ते लागूच नव्हतं. आता तू विचारतोयस की काका, एवढा मोठा देश, एवढी चॅनेल्स, मंत्री कॅमेऱ्यासमोर चुकीचं बोलतो आणि तिथल्या तिथं "हे कुठं लिहिलंय ते दाखवा" असं एकही पत्रकार म्हणत नाही, हे कसं काय?

काका म्हणालास म्हणून अरेतुरेच करतो. मी मिडवेस्टमधल्या एका लोकल टीव्ही स्टेशनात २३ वर्षं काढली, पहिली पाच जाहिरातींच्या ट्रॅफिक खात्यात, म्हणजे कुठली जाहिरात किती वाजता लागणार ते बघायचं, आणि पुढची सगळी न्यूजरूममध्ये प्रोड्यूसर म्हणून. मोठ्या नेटवर्कमध्ये मी कधी नव्हतो, त्यामुळे वॉशिंग्टनमधल्या आतल्या गोष्टी मला विचारू नकोस. पण बातमी कशी शिजते आणि त्यातलं मीठ कोण चाखतं हे मला चांगलं माहितीये.

लोकांना वाटतं पत्रकार घाबरतात किंवा विकले गेलेत. असतीलही काही, पण मी ज्यांच्याबरोबर काम केलं ती पोरं घाबरट नव्हती, त्यांना वेळ नव्हता. लाइव्ह मुलाखत असते सहा-सात मिनिटांची. समोरचा नेता मीडिया ट्रेनिंग घेऊन आलेला असतो, म्हणजे त्याला पैसे देऊन शिकवलेलं असतं की प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, प्रश्नातला एक शब्द उचलायचा, "खरा मुद्दा असा आहे की" म्हणायचं आणि घरून पाठ करून आणलेली तीन वाक्यं बोलून मोकळं व्हायचं. ही तीन वाक्यं तो त्या दिवशी दहा चॅनेलवर तशीच्या तशी बोलतो. अँकरनं एकदा अडवलं तर तो थांबतो, हसतो, पुन्हा तेच म्हणतो, दुसऱ्यांदा अडवलं तर दीड मिनिट गेलं, तिसऱ्यांदा अडवायच्या आत माझ्यासारखा कुणीतरी अँकरच्या कानात ओरडत असतो की रॅप कर, म्हणजे आवरतं घे, ब्रेक आलाय. घड्याळ नेत्याच्या बाजूनं असतं. शिवाय पाहुणे बोलावणारी जी बुकर मुलगी असते तिला पुढच्या आठवड्यात त्याच ऑफिसला फोन करायचा असतो, आणि ज्या चॅनेलवर साहेबांची फजिती झाली तिथं साहेबांना महिनाभर वेळ नसतो, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

हे झालं मुलाखतीचं. पण खरं बघायचं तर जाहिरातींच्या खात्यात ये. आमच्या धंद्यात ऋतू दोनच, सम वर्ष आणि विषम वर्ष. सम वर्षी निवडणुका असतात, तेव्हा सुगी. २०२४ मध्ये अमेरिकेत राजकीय जाहिरातींवर १० अब्ज डॉलरच्या वर खर्च झाला आणि त्यातला मोठा वाटा टीव्हीला गेला. ऑक्टोबरमध्ये तर सहाच्या बातम्यांत गाड्यांच्या डीलरची जाहिरात लावायला जागा उरायची नाही. आणि आता ऐक, हे बऱ्याच अमेरिकन लोकांनाही माहिती नसतं. कम्युनिकेशन्स ॲक्टच्या ३१५ कलमाप्रमाणे उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातीत स्टेशनला एक शब्दसुद्धा कापता येत नाही. धडधडीत खोटं असलं तरी लावावंच लागतं, आणि लावलं म्हणून स्टेशनवर बदनामीचा खटला होऊ शकत नाही असं सुप्रीम कोर्टानं १९५९ मध्येच सांगून ठेवलंय. वर उमेदवाराला निवडणुकीआधीचे ६० दिवस सगळ्यात कमी दर द्यावा लागतो. लोक आम्हाला फोन करून शिव्या घालायचे की असलं खोटं लावताच कसं, मी सांगायचो की बाई कायदाच तसा आहे, आणि ती फोन आपटायची.

बाहेरच्या गटांची गोष्ट वेगळी. २०१० मध्ये सिटिझन्स युनायटेडचा निकाल लागला, कंपन्यांना निवडणुकीत हवा तेवढा खर्च करायची मुभा देणारा, आणि त्यानंतर सुपर पॅक नावाची जी पैशाची धरणं तयार झाली त्यांच्या जाहिराती स्टेशन नाकारू शकतं. तिथं कमी दराची सक्ती नाही, उलट ते चढे दर देतात. म्हणजे जिथं नाकारायचा हक्क नाही तिथं पैसे कमी आणि जिथं हक्क आहे तिथं पैसे रग्गड. विरुद्ध पार्टीच्या वकिलांचं पत्र यायचं, सोबत गठ्ठाभर पुरावे, की ही जाहिरात खोटी आहे ती काढा. ते पत्र वरच्या मजल्यावर जायचं. माझ्या सगळ्या वर्षांत जाहिरात उतरल्याचं मला दोनदाच आठवतंय, आणि त्यातही एकदा तिचे दिवस संपतच आले होते. मग आम्ही न्यूजमध्ये आठवड्यातून एकदा दीड मिनिटाची फॅक्ट चेक करायचो, आणि तीच जाहिरात त्या फॅक्ट चेकच्या आधीच्या ब्रेकमध्येही लागायची आणि नंतरच्याही. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, रनडाऊन, म्हणजे बुलेटिनमध्ये कशानंतर काय लागणार त्याची यादी, मीच बनवायचो.

आता शब्दांचं. इथं रिपब्लिकन लोकांनी शब्दांवर मेहनत घेतली हे मान्य करावंच लागतं, आवडो न आवडो. न्यूट गिंगरिच या त्यांच्या नेत्याच्या गटानं १९९० मध्ये उमेदवारांना चक्क शब्दांची यादी वाटलेली, स्वतःबद्दल बोलताना हे शब्द वापरा, विरोधकांबद्दल बोलताना हे, आणि त्या दुसऱ्या यादीत 'देशद्रोही' पण होता. फ्रँक लुंट्झ नावाच्या पोलस्टरनं, म्हणजे जनमत चाचण्या घेणाऱ्यानं, वारसा कराला 'डेथ टॅक्स' म्हणायला शिकवलं. हा कर शंभरात एका मयतालाही लागत नाही, २०२४ मध्ये १ कोटी ३६ लाख डॉलरपर्यंतची इस्टेट त्यातून मोकळी होती, पण 'मेल्यावरही कर' म्हटलं की भाड्याच्या घरात राहणारा माणूससुद्धा चिडतो. आणि दुसरीकडं डेमोक्रॅट लोक. यांची भाषा म्हणजे सरकारी जीआर. माणसाला कळेल असं वाक्य तोंडातून निघालं तर यांचा कन्सल्टंट नोकरी सोडेल. मेडिकेअरवाल्यांना, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्यातल्या लोकांना, इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडणार नाही, एवढी सोपी गोष्ट २०२२ च्या कायद्यात होती, त्या कायद्याचं नाव काय ठेवलं तर इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट, आणि वर्षभरानं बायडन स्वतःच म्हणाले की हे नाव ठेवायला नको होतं. त्याआधीचं उदाहरण तर अजून भारी आहे, २०१७ च्या एका सर्व्हेत ३५ टक्के लोकांना ओबामाकेअर आणि अफोर्डेबल केअर ॲक्ट हा ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा हे एकच आहे हे माहिती नव्हतं. सात वर्षं झाली होती कायद्याला! ज्याला शिव्या घालायच्या तो ओबामाकेअर आणि ज्यानं औषध मिळतं तो दुसरा कुठला तरी. यात खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही.

आणि डेमोक्रॅट खोटं बोलत नाहीत असं समजू नकोस हं. "तुमचा प्लॅन तुम्हाला आवडत असेल तर तो तुमच्याकडंच राहील" हे ओबामांचं आरोग्य विम्याबद्दलचं वाक्य पॉलिटिफॅक्ट या फॅक्ट चेक करणाऱ्या साइटनं २०१३ चं 'लाय ऑफ द इयर' ठरवलं होतं. चार वर्षं आधी तोच मान रिपब्लिकन सेरा पेलिनच्या 'डेथ पॅनल'ला, म्हणजे कुणाला उपचार मिळणार ते सरकारी समिती ठरवणार या दाव्याला, मिळालेला. बायडन यांच्या वयाचं तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं, जून २०२४ मध्ये व्हाइट हाऊस त्यांच्या अडखळण्याच्या व्हिडिओंना 'चीप फेक', म्हणजे दिशाभूल होईल असे कापलेले, म्हणत होतं, वॉल स्ट्रीट जर्नलनं ४ जूनला यावर मोठी बातमी केली तर बाकीचे पत्रकारच जर्नलवर तुटून पडले, आणि २७ जूनला अटलांटात डिबेट झाली. मी त्या रात्री सोफ्यावर बसून बघत होतो, दहाव्या मिनिटाला बायको म्हणाली की यांना घरी का नाही पाठवत. पत्रकारांना जे दिसायला महिने लागले ते तिला दहा मिनिटांत दिसलं.

पण एकदा गोष्ट जशी व्हायला पाहिजे तशी झाली, ती सविस्तर सांगतो कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. स्प्रिंगफील्ड, ओहायो. साधं छोटं गाव, कारखाने बंद पडून खंगलेलं, तिथं हैतीहून आलेले १२-१५ हजार लोक कामाला आले. फेसबुकवर कुणीतरी लिहिलं की शेजारणीच्या मुलीच्या मैत्रिणीचं मांजर हरवलं आणि हैतीवाल्यांनी ते खाल्लं. बघ हं, शेजारणीच्या मुलीच्या मैत्रिणीचं! आपल्याकडं असल्या गोष्टी सोसायटीच्या जिन्यावरच मरतात. इथं तीच गोष्ट १० सप्टेंबर २०२४ ला प्रेसिडेन्शियल डिबेटमध्ये पोचली, ६ कोटी ७० लाख लोक बघत होते, आणि ट्रम्प म्हणाले की ते लोक कुत्री खातायत, मांजरं खातायत. आणि एबीसीचा अँकर डेव्हिड म्युइर शांतपणे म्हणाला की आम्ही तिथल्या सिटी मॅनेजरना विचारलं, त्यांच्याकडं अशी एकही खात्रीलायक तक्रार नाही.

हे एक वाक्य यायला काय लागलं असेल ते बघ. कुणीतरी आधीच ताडलं की हा विषय निघू शकतो, ओहायोला एक फोन लावला, उत्तर लिहून अँकरच्या हातात दिलं. आणि त्याच्याही आधी, ९ सप्टेंबरला स्प्रिंगफील्डच्या लोकल पेपरनं पोलिसांना विचारून छापलेलं होतं की अशी कुठली तक्रार आलेली नाही. म्हणजे त्या गावात एक पेपर जिवंत होता. २००५ पासून अमेरिकेत तीन हजारांहून जास्त पेपर बंद पडलेत, बहुतेक आठवड्याचे, छोट्या गावांतले. ज्या गावात पेपर नाही तिथल्या मांजराची चौकशी कोण करणार सांग बरं. टीव्ही न्यूजरूमला फोन करायला कुणाचा तरी नंबर लागतो, आणि तो नंबर आम्हाला कायम लोकल पेपरच्या बातमीतनंच मिळायचा. आम्ही रोज सकाळी मीटिंगमध्ये पेपर पुढ्यात घेऊनच बसायचो, हे कुणी उघड कबूल करत नाही इतकंच.

बरं, त्या एका वाक्याचं बक्षीस काय मिळालं? दुसऱ्याच दिवशी ट्रम्प म्हणाले की एबीसीचं लायसन्स काढून घ्या. स्प्रिंगफील्डमध्ये ३३ बॉम्बच्या धमक्या आल्या, सगळ्या खोट्या, पण शाळा रिकाम्या कराव्या लागल्या आणि गव्हर्नरना तिथं पोलीस पाठवावे लागले. गव्हर्नर रिपब्लिकनच, ते स्वतः सांगत होते की असं काही झालेलं नाही. आणि ट्रम्प यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार व्हान्स सीएनएनवर म्हणाले की मीडियानं लोकांच्या हालांकडं लक्ष द्यावं म्हणून मला स्टोरी तयार करायला लागल्या तर मी त्या करेन. लगेच सारवासारव पण केली की तयार करणं म्हणजे लक्ष वेधणं वगैरे. पण वाक्य बाहेर पडलं होतं, आणि मला विचारशील तर इतकं प्रामाणिक वाक्य त्या पूर्ण निवडणुकीत दुसरं कुणी बोललं नाही. पुढच्या, उपाध्यक्षपदाच्या डिबेटला, १ ऑक्टोबरला सीबीएसवर, व्हान्स यांचं म्हणणं होतं की तुम्ही फॅक्ट चेक करणार नाही असं ठरलेलं होतं. आणि खरोखरच नेटवर्कनं आधी तसंच सांगितलं होतं, की एकमेकांचं खोटं उमेदवारांनीच पकडावं. वीस दिवसांत ही तऱ्हा.

आता तू म्हणशील खटला का भरत नाहीत. भरतात की. पण कोण भरतं ते बघ. २०२० च्या निवडणुकीनंतर फॉक्सवर मतदान यंत्रांनी मतं फिरवली असं जे काही चाललं त्यासाठी यंत्रांच्या कंपनीनं, डॉमिनियननं, खटला भरला आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. त्या खटल्यात त्यांचे आतले मेसेज बाहेर आले. स्वतः अँकर लोक एकमेकांना लिहीत होते की यंत्रांबद्दल हे सांगणारी ट्रम्प यांच्या बाजूची वकीलबाई खोटं बोलतेय. आणि त्यांच्याच एका रिपोर्टरनं ट्रम्प यांचं एक ट्वीट चूक आहे असं दाखवलं तर फॉक्सचा अँकर टकर कार्लसननं लिहिलं की हिला काढून टाका, कंपनीचं नुकसान होतंय, शेअर पडलाय. मी तो मेसेज वाचला तेव्हा मला धक्काबिक्का काही बसला नाही, कारण आमच्याकडं पण हे असंच चालायचं, फक्त आमचा शेअर एवढा मोठा नव्हता. एकदा एका मोठ्या स्थानिक जाहिरातदाराबद्दलची बातमी माझ्या रनडाऊनमधून संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी गायब झाली. कुणी काढली ते अजून कळलेलं नाही आणि मीही, खरं सांगायचं तर, फार जोरात विचारलं नाही. मुलीची कॉलेजची फी होती.

तर डॉमिनियनला पैसे मिळाले. ज्या प्रेक्षकाला महिनोन् महिने खोटं दाखवलं त्याला काय मिळालं? टीव्हीवर माफी मागायची अटसुद्धा त्या सेटलमेंटमध्ये नव्हती. इथल्या कायद्यात बदनामी माणसाची किंवा कंपनीची होते, मतदाराची होत नाही. आणि नेत्यांची बदनामी सिद्ध करणं तर १९६४ च्या सलिव्हन निकालापासून महाकठीण आहे, जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता खोटं छापलं हे दाखवावं लागतं. तो निकाल मला स्वतःला बरोबरच वाटतो, नाहीतर प्रत्येक शेरीफ लोकल पेपरला कोर्टात खेचत बसला असता. पण त्याची दुसरी बाजू ही आहे.

आणि आता तर गंगा उलटी वाहतेय. डिसेंबर २०२४ मध्ये एबीसीनं ट्रम्प यांच्या खटल्यात दीड कोटी डॉलर देऊन मिटवलं, जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक कंपनीनं १ कोटी ६० लाख दिले, कमला हॅरिसची मुलाखत कशी एडिट केली यावरून, आणि त्याच महिन्यात त्यांच्या विलीनीकरणाला एफसीसीची, म्हणजे रेडिओ-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगाची, परवानगी मिळाली. खटला लढले असते तर जिंकले असते असं मला भेटलेला प्रत्येक वकील म्हणाला. आणि एक बारीक गोष्ट, एफसीसी लायसन्स नेटवर्कला देत नाही, आमच्यासारख्या स्टेशनांना देते, आठ वर्षांसाठी. म्हणून धमकी एबीसीला दिली की घाम फुटतो तो शेकडो मैलांवरच्या स्टेशन मॅनेजरला. तुझ्या त्या शनिवारच्या तीनच दिवस आधी, १७ सप्टेंबरला, एफसीसीचे चेअरमन ब्रेंडन कार एका पॉडकास्टवर बोलले आणि त्याच संध्याकाळी एबीसीवरचा जिमी किमेलचा शो उतरवला गेला, चार्ली कर्क या ट्रम्प समर्थक कार्यकर्त्याच्या खुनानंतर तो जे बोलला त्यावरून. आठवड्याच्या आत तो परत आला हे खरं, पण तो तर कॉमेडियन, मोठा माणूस. लहान गावातल्या प्रोड्यूसरनं त्यातून काय घ्यायचं ते घेतलंच असणार.

काही लोक म्हणतात जुनी फेअरनेस डॉक्ट्रिन परत आणा. ही १९४९ ची, वादाच्या विषयाच्या दोन्ही बाजू दाखवा म्हणणारी, रेगनच्या काळात १९८७ मध्ये एफसीसीनं काढली आणि पुढच्याच वर्षी रश लिंबॉ हा कट्टर उजवा बोलघेवडा देशभर रेडिओवर सुरू झाला. पण ती हवेतून प्रसारण करणाऱ्या स्टेशनांसाठी होती, केबल चॅनेलसाठी नाही, फॉक्स किंवा सीएनएनला तिनं काही झालं नसतं. आणि दोन्ही बाजू दाखवणं हा तर रोगच आहे निम्मा. एक म्हणतो पाऊस पडतोय, दुसरा म्हणतो नाही, आणि आम्ही दोघांचे बाइट, म्हणजे बोलण्याचे तुकडे, लावून पुढच्या बातमीला, खिडकी उघडून बघायला कुणाला पाठवायचं तर ओव्हरटाइम पडतो. इराक युद्धाच्या वेळी हेच झालं होतं. नाइट रिडर नावाच्या पेपर कंपनीचे वॉशिंग्टनमधले दोन-चार रिपोर्टर सारखे लिहीत होते की इराककडं महासंहारक शस्त्रं असल्याचा पुरावा कच्चा आहे, बाकी सगळे मंत्र्यांची वाक्यं छापत होते. न्यूयॉर्क टाइम्सनं चूक कबूल केली ती मे २००४ मध्ये, आतल्या दहाव्या पानावर. नाइट रिडर २००६ मध्ये विकली गेली आणि ज्यांनी घेतली ते २०२० मध्ये दिवाळखोरीत गेले.

आता तुझ्या लाख डॉलरकडं येतो. शुक्रवारी दुपारी ओव्हल ऑफिसमध्ये सही झाली, वाणिज्यमंत्री हॉवर्ड लटनिक बाजूला उभे राहून म्हणाले वर्षाला एक लाख. हेडलाइन लागली, वर्षाला एक लाख. मग कंपन्यांच्या वकिलांनी मेल पाठवल्या, सॅन फ्रान्सिस्कोत लोक सुटायला आलेल्या विमानातून खाली उतरले. पण सही झालेला कागद त्याच संध्याकाळी व्हाइट हाऊसच्या वेबसाइटवर होता. मी वाचला, दोन-तीन पानांचाच होता, त्यात 'दरवर्षी' हा शब्दच नव्हता, पिटिशनसोबत पैसे भरायचे एवढंच होतं. आधीचा व्हिसा असलेल्यांचं काय हे मात्र धड लिहिलेलं नव्हतं, तो घोळ खराच होता, त्यामुळे तुझ्या वकिलाला मी दोष देणार नाही. शनिवारी दुपारी प्रेस सेक्रेटरींनी लिहिलं की एकदाच, फक्त नव्या अर्जांना, आत्ता ज्यांच्याकडं व्हिसा आहे त्यांना नाही. तेव्हा तू विमानात होतास.

म्हणजे मंत्री एक बोलतोय आणि कागद दुसरं, हे पकडायला ना हेरगिरी लागत होती ना हिंमत, वाचायला दहा मिनिटं लागत होती. काहींनी वाचलं, बातमीच्या पाचव्या परिच्छेदात लिहिलंही. पण शुक्रवारी संध्याकाळी सहाचं बुलेटिन लावणाऱ्या प्रोड्यूसरच्या हातात ती दहा मिनिटं नसतात, मंत्र्याचा वीस सेकंदांचा बाइट तयार मिळतो, तो लावला की स्लॉट भरला. मी त्या खुर्चीत असतो तर मीही तोच लावला असता. रिटायर झालोय म्हणून कागद वाचत बसलो.

पुढच्या वेळी असं झालं तर टीव्ही लावू नकोस, आधी मूळ कागद काढ, यूएससीआयएसचं, म्हणजे इमिग्रेशन खात्याचं, मेमो आलंय का बघ, आणि तिकीट काढायच्या आधी मला फोन कर. तुझी सकाळ म्हणजे माझी रात्र असेल, पण मी बाराच्या आत झोपत नाही.